खबर कारखान्याची

'किर्लोस्कर' म्हटले की मराठी घराला एक तर मासिक आठवते, नाही तर पंप. मासिक कारखान्याच्याच पोटी जन्मले, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात नसते. जानेवारी १९२० मध्ये ते 'किर्लोस्कर खबर' या नावाने सुरू झाले. कथा-कवितांशी त्याचा तेव्हा फारसा संबंध नव्हता. नांगर, चरक, रहाट बनवणाऱ्या कारखान्याच्या घडामोडी आणि मालाची माहिती सांगणारे ते घरचे पत्रक होते. आज कुठल्याही कंपनीत वाढदिवस, बढती, निरोप समारंभ यांच्या बातम्यांचे जे चार पानी पत्रक निघते, त्याचे मराठीतले मूळ घराणे हेच.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालवले आणि लोखंडी नांगर घडवला. पुढे तिथली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळचा ओसाड माळ देऊ केला. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना आणि गाव अशी दोन नावे तिथे नव्हतीच. खात्यात शेजारच्या यंत्रावर जो, तोच संध्याकाळी ओसरीवर. अशा ठिकाणी कुणाचे बारसे झाले, कुणाला मुलगी दाखवायला नेली, हे कळायला छापील कागद कशाला लागतो? म्हणून 'खबर' वाडीतल्या माणसांपेक्षा बाहेरच्यांसाठी जास्त होती, असे मला वाटते. नांगर विकणारा व्यापारी आणि नांगर घेणारा शेतकरी, या दोघांना वाडी कशी आहे ते दिसावे, हा तिचा खरा धंदा. घरच्या बातमीच्या रक्तात जाहिरात अशी पहिल्या दिवसापासून आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण ते विसरूही नये.

संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे 'शंवाकि'. मूळचे चित्रकार. हातात कुंचला असलेला माणूस कारखान्याच्या पत्रकाला बसवला की पत्रक पत्रक राहत नाही. अंक देखणे झाले, मजकूर पसरला, बाहेरचे लेखक आले. दशक संपता संपता भाषाशुद्धीच्या वाऱ्यात नावातली 'खबर' गळाली आणि नुसते 'किर्लोस्कर' उरले. १९३० मध्ये 'स्त्री', १९३४ मध्ये 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच पानांवरून घरोघरी गेले. मराठी वाङ्मयाचा यात मोठा फायदा झाला. फोर्जिंगच्या भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाची बातमी मात्र मासिक वाढत गेले तशी मागे पडली. मोठे झालेले पोर मूळ गावी फिरकत नाही, तसेच.

कारखान्याच्या पत्रकाची ही जात एकट्या किर्लोस्करांची नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेलच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या मुली १८४० पासून 'लॉवेल ऑफरिंग' काढत होत्या. लेख त्यांचे, कविता त्यांच्या. पण कामाचे तास आणि मजुरी यांवर ते मासिक मूग गिळून बसते, असा भडिमार सारा बॅग्ले या गिरणी कामगार बाईनेच केला. १८४५ मध्ये ते बंद पडले. इंग्लंडमध्ये कॅडबरीच्या चॉकलेट कारखान्याने १९०२ मध्ये आपले 'बोर्नव्हिल वर्क्स मॅगझिन' सुरू केले. मालकाच्या खर्चाने निघणारे पत्रक काय छापील आणि काय गाळील, हा वाद असा फार जुना आहे.

आपल्याकडे त्याचे दुसरे टोक 'खबर'च्याही आधीचे. नारायण मेघाजी लोखंडे, जन्म १८४८ चा, ठाण्याचा. मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर असल्यामुळे खात्यातली हवा त्यांना ठाऊक होती. 'दीनबंधु' हे पत्र पुण्यात निघाले होते. १८८० मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईत आणून चालवले. १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारला दिले. पुढे १८९० मध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली. आठवड्याचा एक दिवस आपला झाला, यापेक्षा मोठी खबर कारखान्याच्या इतिहासात मला दुसरी सापडत नाही. ती कुठल्याही कंपनीच्या पत्रकाने आणलेली नाही.

कारखान्याच्या बातमीची तिसरी शाखा गेटावरच्या सूचनाफळ्याची. हा फळा कुणाच्या हौसेने आलेला नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १०८ व्या कलमाने सांगितले की, सूचना मुख्य दाराजवळ, दिसेल अशा जागी, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावा. पाळीच्या वेळा, सुट्ट्यांची यादी, कायद्याचा गोषवारा असे रुक्ष कागद लावायला जागा झाली आणि मग त्याच टाचण्यांखाली लग्नपत्रिका सरकली. खंडेनवमीच्या यंत्रपूजेची वेळ, सत्यनारायणाचा प्रसाद, "अमुक यांना पुत्ररत्न, पेढे टाइम ऑफिसात". कायद्याने खिळा ठोकला, माणसांनी त्यावर आपले टांगून घेतले.

विरारच्या पूर्वेला चंदनसारच्या गाळ्यांत आता हे सगळे मोबाइलवर आले आहे. एका गाळ्यात पाच-पंचवीस माणसे, तितकाच व्हॉट्सअॅप ग्रुप. सकाळी केकचा फोटो, खाली "हॅपी बर्थडे भाई", मराठी, हिंदी, भोजपुरी सगळे एकाच रांगेत. लगोलग सुपरवायझरचा निरोप: उद्या पाणी येणार नाही, सेकंड शिफ्ट लवकर. रौप्यमहोत्सव वगैरे इथे क्वचित. इथला खरा टप्पा पाच वर्षांचा. १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटीला पाच वर्षांच्या सलग नोकरीची अट घातली. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. लेथवरच्या माणसाच्या तोंडी "पाच भरली" हे शब्द येतात तेव्हा तो वाढदिवसाबद्दल बोलत नसतो. आणि नेमकी हीच बातमी ग्रुपवर कुणी टाकत नाही, कारण साडेचार वर्षांवर हिशेब करून घरी पाठवण्याचे प्रकारही सर्वांना माहीत असतात.

'खबर'चे अंक शंभर वर्षांनंतरही ग्रंथालयात हाताला लागतात, ते कागदावर होते म्हणून. ग्रुपवरची बातमी फोन बदलला की गेली. तेव्हा चंदनसारच्या गाळेवाल्यांना एक सुचवणे आहे. महिन्याला एक पान छापा, खर्च चहाच्या बिलापेक्षा कमी येईल. त्यात वाढदिवस घाला, लग्ने घाला, मुलांचे दहावीचे निकाल घाला. त्याच पानावर कुणाची पाच वर्षे कोणत्या तारखेला भरतात आणि या महिन्यात कुणाचे बोट कोणत्या प्रेसवर गेले, हेही घाला. आणि लिहायला मालकाचा माणूस नको, खात्यातलाच कुणी बसवा.