बांधावरून सायकल: दिवाडी बेटाची नोंद



या वेळची नोंद आपल्या शेतातली नाही, दुसऱ्याच्या बांधावरची आहे. थोडी लांबलीय, तेव्हा जेवणं आटपून निवांत वाचा.

भाचा पुण्याहून आला तो गाडीच्या टपावर दोन सायकली बांधून. ग्रॅव्हल बाईक म्हणतात त्यांना. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर दीड इंचाच्या वर रुंद. खडी, माती, चिखल, कुठेही चालते. मला म्हणाला, "मामा, डांबर नको. दलदलीतून जाणारी आणि जुन्या गावांतून जाणारी वाट सांग." मी म्हटलं, दलदल आपल्याच खाजणात आहे की! पण आमच्या बांधाला ऑगस्टच्या उधाणात खांड पडलीय. सायकल राहू दे, माणूससुद्धा पलीकडे जात नाही. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे निघालो आणि पणजी गाठली.

सुरुवात पणजी ते रायबंदर या जुन्या रस्त्याने केली. हा रस्ता म्हणजेच मुळात दलदलीवर घातलेला बांध. लिन्यारिशच्या काउंटने, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने, १६३३-३४ मध्ये तो बांधून घेतला. लांबी ३ किलोमीटरच्या वर. जांभ्या दगडाचं काम, आणि भरतीचं पाणी आत-बाहेर व्हावं म्हणून मधे कमानी ठेवलेल्या. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला जुनी मिठागरं आणि तिवरांची झाडी. आज त्यावरून मोटारी धावतात. पावणेचारशे वर्षांवर वय झालं तरी रस्ता जागेवर आहे, कारण पाण्याला वाट ठेवलेली आहे. आपल्याकडे नवीन रस्ता करताना मोरी विसरणाऱ्यांना एकदा इथे आणून चालवायला पाहिजे.

रायबंदरला फेरीत सायकली चढवल्या आणि दिवाडीला उतरलो. बेटाच्या मधे टेकडी, तिच्यावर पिएदादचं चर्च, आणि भोवती सगळीकडे सपाट खाजण. टेकडीवरून नदीपलीकडच्या जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. ते एके काळी राजधानीचं शहर होतं. साथीच्या रोगांनी माणसं उठून गेली आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला आली. शहर ओस पडलं. समोरच्या बेटावरचे मातीचे बांध मात्र राहिले, कारण त्यांच्या आत भात होतं.

टेकडी उतरून आम्ही बांधावर आलो आणि मग सायकलीची खरी मजा. वरून तुडवून घट्ट झालेली माती, मधे मधे जांभ्याची खडी, कुठे ओल. भाच्याने टायरमधली थोडी हवा सोडली, म्हणाला मऊ मातीत पकड बसते. उजवीकडे नदी, डावीकडे कापणी झालेली शेतं. भरती चढत होती आणि नदीचं पाणी शेतापेक्षा उंच दिसत होतं. ज्याची खारजमीन आहे त्याच्या पोटात असं पाणी बघून काय होतं ते सांगायला नको. भाचा फोटो काढत होता, मी भोकं शोधत होतो.

गोव्यात अशी खाजण जमीन साधारण १८,००० हेक्टर सांगतात. बांधाची रचना आपल्याच जातीची. पोटात चिकणमाती आणि पेंढा, नदीच्या अंगाला जांभा दगड, आणि त्याच्याही बाहेर लाटेचा मार खायला तिवर-कांदळ राखलेले. पाणी सोडायच्या दाराला आपण उघाडी म्हणतो, तिथे मानस म्हणतात. लाकडी झडप वरच्या बाजूने अडकवलेली असते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, वीज नाही. फक्त झडपेत ओंडका अडकला की संपलं.

पीकही आपल्या ओळखीचं. पहिल्या पावसांनी मीठ धुऊन जायचं, मग मोड आलेलं बियाणं फेकायचं, आपली रहू पद्धत म्हणा ना. जुनी वाणं कोरगुट, आसगो वगैरे. कोरगुट उंच वाढतं, खार सोसतं आणि काही दिवस पाण्यात उभं राहतं, पण उतारा कमी. आपल्याकडे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ ही वाणं दिली तशी सोय झाली की शेतकरी जुनं सोडतो. त्यात त्याची चूक नाही. पण सुधारित गोड्या जमिनीचं भात खाजणात लावलं आणि एकदा बांध पाझरला, तर हातात फक्त पेंढा येतो, हेही खरं.

हे बांध पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचे. फोंड्याजवळच्या बांदोड्याला राजा अनिर्जितवर्म्याचा ताम्रपट सापडला, साधारण सहाव्या शतकातला. त्यात खज्जन जमीन दान दिलीय आणि बांध घालून ती लागवडीला आणायची गोष्ट आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही जमीन देताना बांधाचा विचार होत होता.

पुढे हे काम गावकरीने केलं. गावकरी म्हणजे गावाच्या मूळ घराण्यांची संस्था. जमीन संस्थेची, ती लिलावाने कसायला द्यायची, येणाऱ्या उत्पन्नातून सरकारचा भरणा, देवस्थान आणि बांध-मानस यांचा खर्च काढायचा, आणि उरलेलं गावकऱ्यांमध्ये वाटायचं. त्या वाट्याला जोण म्हणतात. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये आफोंसो मेशियाच्या सनदेत हे रिवाज लिहून काढले, मोडले नाहीत. पुढे त्याच संस्थेला कोमुनिदाद हे नाव पडलं. सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. जोण मिळायची ती गावकऱ्यांच्या पुरुष वंशजांना, आणि कमरेभर चिखलात उभं राहून बांध घालणारे गावडे-कुणबी बहुतेक त्या यादीबाहेर. पण बांध फुटला तर कोणाच्या दारात जायचं हे गावाला ठाऊक होतं.

गोवा मुक्त झाल्यावर १९६४ चा कूळ कायदा आला, आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारा कूळ जमिनीचा मालक झाला. हे व्हायलाच हवं होतं. माझ्या आजोबांच्या नावावर जमीन लागली ती इकडच्या अशाच कायद्याने, नाहीतर ही नोंद लिहायला मी शेतकरी म्हणून उरलोच नसतो. पण बांध कोणा एकाच्या सातबाऱ्यात मावत नाही. हे सरकारलाही कळत होतं. म्हणून १९७५ मध्ये कुळांच्या सामायिक जबाबदारीचे नियम केले, कुळांच्या संघटना झाल्या, त्यांवर मामलेदाराची देखरेख आली. मानसीवर मासे पकडायचा हक्क लिलावात द्यायचा आणि त्या पैशातून बांध राखायचे.

कागदावर चोख. पण मासळीचा पैसा भातापेक्षा जास्त. लिलाव घेणाऱ्याला खारं पाणी आत हवं असतं, कारण पाण्याबरोबर मासळी येते. भात लावणाऱ्याला ते बाहेर हवं असतं. जुना नियम सोपा होता: भात उभं असताना दार भाताचं, कापणीनंतर मासळीचं. आता ज्या खाजणात भात लावणारेच उरले नाहीत तिथे दाराला विचारणारं कोण? शेत दोन-चार वर्षं खाऱ्या पाण्याखाली राहिलं की तिवर उगवतो. मग कायद्याने तो तोडता येत नाही आणि जमीन पुन्हा नांगराखाली येत नाही. त्यात मांडवीतून जाणाऱ्या खनिजाच्या बार्जांच्या लाटा बांधाला धुतात ते वेगळंच.

एका मानसीपाशी एक आजोबा बसलेले भेटले. गरी टाकून. आमच्या सायकलींकडे बघून हसले. मी विचारलं, बांध कोण बघतं? म्हणाले, "खेकड्याचं भोक दिसलं की मी बुजवतो. मोठं झालं की सरकार." मधलं कोणी नाही का, विचारलं. त्यांनी गरी ओढली आणि विषय बदलला.

बोंदेराच्या सणाचं त्यांनीच सांगितलं. ऑगस्टमध्ये दिवाडीत झेंड्यांची मिरवणूक निघते. दोन वाड्यांत हद्दीवरून भांडणं होत म्हणून पोर्तुगीजांनी हद्दीवर झेंडे रोवले आणि लोकांनी दगड मारून ते पाडले, त्याची ही आठवण. जमिनीच्या भांडणाचा सण झालेलं दुसरं गाव मी तरी पाहिलं नाही.

शेवटी बेटाच्या टोकाला नार्व्याची फेरी घेऊन पलीकडे डिचोलीच्या बाजूच्या नार्व्याला गेलो. कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मुळात दिवाडीवरचं. सोळाव्या शतकात देऊळ पाडलं गेलं आणि भक्तांनी लिंग नदीपार नेलं. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तिथे देवळाचा जीर्णोद्धार करवला, त्याचा शिलालेख आहे. देव नदीपार नेता आला. खाजण उचलून नेता येत नाही, त्यामुळे जे मागे राहिले त्यांनी धर्म कुठलाही असो, भरतीच्या आधी मानस तपासलीच.

परतीच्या वाटेवर भाचा म्हणाला, "मामा, आपल्या बांधावरून अशी सायकल कधी चालेल?" मी काय सांगणार! खांड पडल्यापासून एका कचेरीत तीन अर्ज दिलेत, पोच घेतलीय. पंचवीस खातेदार आहेत, प्रत्येकजण दुसऱ्याच्या सहीची वाट बघतोय. मीसुद्धा त्यातलाच. माझे १८ गुंठे खाऱ्या पाण्याखाली आहेत आणि वायंगणाच्या बाजूला तिवराची बोटभर रोपं दिसायला लागलीत. कायद्याला ती दिसायच्या आधी खांड बुजायला हवी.

अमावास्येचं उधाण गेलं की येत्या रविवारी ओहोटीला, सकाळी ८ वाजता, उघाडीपाशी जमायचं ठरवलंय. सात जण हो म्हणालेत. चिऱ्याचे दोन ट्रॅक्टर मी आणतो. पेंढा आणि रिकामी पोती ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आदल्या दिवशी वडाखाली आणून टाका. फावडं आणि घमेलं आपापलं.