कॉर्कदोष

बाटलीच्या बुचातून वाइनमध्ये उतरणारा कुबट वास आणि त्यामुळे बिघडणारी चव, यांना कॉर्कदोष म्हणतात. अशा वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा किंवा दमट तळघराचा वास येतो. दोष सौम्य असल्यास हा वासही जाणवत नाही. फळांचा सुवास मात्र दबतो व वाइन फिकी लागते. मग दोष बुचाचा असूनही बोल वाइन बनवणाऱ्याला लागतो.

कारण : २,४,६-ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल (टीसीए) हे संयुग याचे मुख्य कारण होय. स्वित्झर्लंडमधील हान्स टानर व सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी ते ओळखले. बुचे कॉर्क ओक वृक्षाच्या सालीपासून बनतात. तिचे सर्वाधिक उत्पादन पोर्तुगालमध्ये होते. सालीतील क्लोरोफिनॉलांवर बुरशीची क्रिया होऊन टीसीए तयार होते. लिटरमागे काही नॅनोग्रॅम टीसीएसुद्धा नाकाला कळते. वाइनरीतील लाकूड दूषित झाले, तर तेथील अनेक बाटल्या एकदमच बिघडू शकतात.

ओळख व उपाय : प्याल्यात तरंगणारे बुचाचे कण म्हणजे कॉर्कदोष नव्हे. बूच हुंगूनही खात्री होत नाही, वाइनच हुंगावी. बाटली उघडून ठेवल्याने वास जात नाही, उलट तो अधिक स्पष्ट होतो. पॉलिथिलीन टीसीए शोषते. पण त्याबरोबर वाइनचा काही सुवासही जातो. या प्रमाणातील टीसीए आरोग्यास अपायकारक नाही, तरी अशी वाइन निमूटपणे पिण्याचे कारण नाही. उपाहारगृहात पहिला घोट चाखायला देतात तो दोष पारखण्यासाठीच. तेव्हा बाटली बदलून मागण्यात संकोच नसावा. दुकानातून आणलेली वाइन ओतून न देता बुचासह परत करावी, म्हणजे तक्रार उत्पादकापर्यंत पोहोचते.

प्रतिबंध : बुचांच्या धुलाईत क्लोरीनऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड आले, बुचे वाफेने किंवा अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडने शुद्ध केली जातात आणि काही कारखान्यांत प्रत्येक बूच तपासले जाते. ऑस्ट्रेलियातील क्लेअर व्हॅलीच्या उत्पादकांनी २००० साली रीसलिंग या पांढऱ्या वाइनसाठी बुचाऐवजी स्क्रू कॅप स्वीकारली. न्यूझीलंडमध्येही ती लवकरच रुळली. नाशिकच्या अनेक वाइनही आज स्क्रू कॅपच्या बाटल्यांत मिळतात. स्क्रू कॅपमुळे बुचातून येणारा दोष टळतो. वाइनरीतील लाकूड व हवा मात्र स्वच्छ राखावीच लागते.