डबा बदलला, पण गट बदलला का?

पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात कोबी पाठवणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला चौकोनी ठिपक्याचा पतंग माहीत आहे. त्याच्या अळीचा इतिहासही वाचण्यासारखा आहे.

डीडीटीनं कीड मरते हे पॉल म्युलरनं 1939 साली दाखवलं. 1948 ला त्याला नोबेल मिळालं. पाचच वर्षांत, 1953 मध्ये, जावा बेटावरच्या कोबीत ही अळी डीडीटीला दाद देत नसल्याची नोंद झाली. पुढं हवाई बेटांवर ती बीटीच्या फवारणीलाही पुरून उरली.

नंतर सायपरमेथ्रीनसारखी औषधं आली. नाव नवं, पण घाव डीडीटीच्याच जागी, किडीच्या मज्जातंतूवर. त्यामुळं एकाला सरावलेली कीड दुसऱ्यालाही सहन करू लागते.

हा धोका ओळखून 1984 साली कंपन्यांनीच 'इरॅक' ही समिती काढली. औषध किडीच्या शरीरात नेमकं कुठं मारा करतं, त्यावरून तिनं गट पाडले आणि त्यांना क्रमांक दिले.

मी फवारणीच्या वहीत प्रत्येक औषधापुढं तो क्रमांक लिहितो. प्रोफेनोफॉस 1, सायपरमेथ्रीन 3, स्पिनोसॅड 5, इमामेक्टीन 6. क्लोरअँट्रानिलीप्रोल आणि फ्लुबेंडामाइड मात्र दोन्ही 28. डबे दोन, गट एकच! याला आलटून पालटून फवारणी म्हणत नाहीत.

उन्हात या अळीची पिढी दोन-तीन आठवड्यांत उरकते. पुढच्या पिढीला दुसरा गट द्या, तोही लेबलवर कोबीची शिफारस बघूनच. एक गट निकामी झाला, की त्यातल्या सगळ्याच डब्यांवरचे पैसे पाण्यात.

दुकानात "भारी औषध द्या" म्हणण्याआधी मागची फवारणी कोणत्या गटाची होती, ते वहीत बघा.