दप्तरातील चित्रकथा

ज्या चित्रकथा दप्तरात सापडताच गुरुजी जप्त करीत, त्यांचे मुलांवरील गारूड, १९६४ साली मुंबईत टाइम्स समूहाने सुरू केलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधील वेताळाच्या निमित्ताने जवळून न्याहाळलेल्या अनंत पै यांनी, १९६७ साली इंडिया बुक हाउसच्या आश्रयाने ‘अमर चित्रकथा’ काढून, तेच साधन पुराणेतिहासाच्या सेवेस रुजू केले. पुढे त्यांनी शाळांचे उंबरठे झिजविले आणि १९७८ साली दिल्लीत, शालेय शिक्षणातील चित्रकथेच्या स्थानाविषयी परिसंवादही भरविला. चौकटींत इतिहासाचा संकोच होतो, नायक गौर आणि राक्षस कृष्णवर्ण रंगविले जातात, हा आक्षेप मला रास्तच वाटतो. तथापि सनावळ्यांना विटलेली मुले पारायणे करीत ती सरकारमान्य क्रमिक पुस्तकांची खचितच नव्हेत.