स्प्रूस की सीडर?

माझी निवड यामाहाच्या दोन क्लासिकल गिटारींवर येऊन थांबली होती. सीजी१२२एमएस आणि सीजी१२२एमसी. मापं तीच, पाठीचं आणि बाजूंचं लाकूड तेच, तारा नायलॉनच्याच. फरक फक्त वरच्या फळीत, म्हणजे सतार-तंबोऱ्याच्या भाषेत तबलीत. एमएसची तबली फिकट स्प्रूसची, एमसीची तांबूस सीडरची. कोडमध्ये एकच ओळ बदलून दोन आवृत्त्या चालवून बघाव्यात, इतकं स्वच्छ प्रकरण. तरी ज्याला विचारावं तो ठाम. कुणी म्हणतो खरी क्लासिकल स्प्रूसचीच, कुणी म्हणतो सीडरशिवाय गोडवा नाही. हा ठामपणा आला कुठून, हे बघायला मी इतिहासात शिरलो.

तबलीला एवढा मान का, याचं उत्तर आंतोनिओ द तोरेसकडे आहे. मूळचा सुतार, स्पेनमधल्या अल्मेरियाचा. आजच्या क्लासिकल गिटारीचा आकार आणि तारेची साधारण ६५० मिलिमीटर लांबी रूढ झाली ती त्याच्यामुळे. आवाज तबलीतून येतो, बाकी पेटी दुय्यम, असं त्याचं म्हणणं. ते सिद्ध करायला त्याने १८६२ मध्ये एक गिटार केली: तबली स्प्रूसची, पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या! ती आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. २०१८ मध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं असलेल्या सहा अकूस्टिक गिटारी ५२ वादकांना वाजवायला दिल्या, त्या नीट दिसणार नाहीत अशी व्यवस्था करून. वादकांना फरक जवळपास सांगता आला नाही. म्हणून दुकानदार पाठीच्या लाकडाचं कौतुक करू लागला की मला तो पुठ्ठा आठवतो.

तोरेसने स्प्रूस वापरलं कारण युरोपात तबलीसाठी तेच वापरायची रीत होती. पुढे आंद्रेस सेगोव्हियाने ज्या १९३७ च्या हाउझर गिटारीवर वर्षानुवर्षं मैफली केल्या, तीही स्प्रूसचीच. सीडर आलं १९६० च्या दशकात, माद्रिदच्या होसे रामिरेस तिसरा या कारागिराकडून. चांगलं युरोपी स्प्रूस हवं तेवढं मिळेना, म्हणून त्याने उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं लाल सीडर आणलं. तिकडे त्याची घरांची छपरं शाकारत. म्हणजे आज ज्याला 'सीडरचा खास ऊबदार स्वर' म्हणतात, तो टंचाईतून निघाला. सेगोव्हिया पुढे रामिरेसच्या गिटारी वाजवू लागला आणि सीडरला प्रतिष्ठा मिळाली.

नायलॉनच्या तारांचीही तीच गोष्ट. आधी तारा आतड्याच्या असत, म्हणजे आपली तात. दुसऱ्या महायुद्धात तात जखमा शिवायला जाऊ लागली आणि वादकांना तारा मिळेनात. तेव्हा न्यूयॉर्कमधल्या आल्बर्ट ऑगस्टिनने सेगोव्हियाच्या प्रोत्साहनाने नायलॉनच्या तारा तयार केल्या, आणि युद्धानंतर त्या बाजारात आल्या. त्याच युद्धासाठी कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली होती. फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित त्या बराकींत राहायला आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. पत्त्यात 'कॅम्प नंबर चार' अजून लिहितात. तडजोड म्हणून आलेलं कायमचं होतं, हे आमच्या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

'सीडर' या नावाने आपली हमखास गफलत होते. शब्दकोश देवदार सांगतो. तो हिमालयातला, गिटारीच्या सीडरशी त्याचा संबंध नाही. तिसरं लाकूड आपल्या जास्त जवळचं. बदलापूरवरून जाणारी कोयना एक्स्प्रेस मिरजेला पोचते. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते तून नावाचं लाकूड वापरतात, आणि इंग्रजी बातम्यांत त्यालाही 'रेड सीडर' म्हणतात. त्याचं जुनं शास्त्रीय नाव सेड्रेला तूना. गिटारीची मान ज्या स्पॅनिश सीडरची करतात, ते सेड्रेला ओडोराटा. म्हणजे नात्यातलं लाकूड गिटारीत असतं खरं, फक्त तबलीत नसतं.

मग निवड. स्प्रूस वाजवत राहिलं की वर्षागणिक खुलतं, असं वादक आणि कारागीर दोघंही सांगतात. सीडर पहिल्या दिवसापासून बोलतं, हलक्या बोटालाही दाद देतं. मात्र मऊ असल्याने त्यावर नखांचे ओरखडे लवकर उठतात. 'स्प्रूस तुझ्याबरोबर वाढेल' हा सल्ला ऐकायला छान आहे, पण तो दहा वर्षं वाजवणाऱ्यासाठी. साडेनऊला लोकलमधून उतरून, शेजारी झोपायच्या आत अर्धा तास हळू वाजवणाऱ्याला आजच उत्तर देणारी गिटार हवी. नवशिके सोडून देतात ते बहुतेक सुरुवातीच्या काळातच. धोबीतलावला दोन्ही पुन्हा वाजवून पाहिल्या आणि एमसी घेतली.

या भागात तिसरा पर्यायही विचारात घ्यावा: प्लायच्या तबलीची गिटार. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात प्लायवूड का खपतं, तेच कारण. उभे-आडवे थर एकमेकांना धरून ठेवतात, ओलाव्याने फळी कमी हलते. अखंड लाकडाच्या तबलीला हवेत साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. बदलापूरच्या जुलैत ती ८० च्या वर असते. तबली फुगते, तारा उंच होतात, बोटं दुखतात आणि नवशिक्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबर माझी गिटार भिंतीवर नसते. कडक पेटीत, सिलिका जेलची पाकिटं घालून, खिडकीपासून लांब. पाकिटं ओलावा धरतात, म्हणून दर रविवारी ती बदलायची.