वाटाघाटीची खुर्ची आणि कारखान्याचे फाटक

कामगारांच्या वतीने बोलायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न युरोपातील कामगार संघटनांच्या इतिहासात वारंवार उभा राहिला आहे. भांडवल सीमा ओलांडून गेले, बाजार एक झाला, कायदे ब्रुसेल्समध्ये ठरू लागले. संघटना मात्र फ्रेंच, जर्मन, बेल्जियन अशाच राहिल्या. या उणिवेतूनच १९७३ च्या फेब्रुवारीत ब्रुसेल्स येथे युरोपीय कामगार संघटनांचा महासंघ स्थापन झाला. १९७४ मध्ये त्यात ख्रिस्ती संघटना आल्या, इटलीची कम्युनिस्ट प्रभावाखालील सीजीआयएलही आली. फ्रान्सच्या सीजीटीला मात्र १९९९ पर्यंत दाराबाहेर थांबावे लागले. एकजुटीची घोषणा देणाऱ्यांनाही एका खोलीत बसायला पाव शतक लागते, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

तथापि या इतिहासाची सुरुवात मी १९७३ पासून करीत नाही. ती १९६६ पासून, आणि ब्रुसेल्सच्या सभागृहातून नव्हे तर लिएज शहराजवळच्या एर्स्टाल येथील शस्त्रास्त्र कारखान्याच्या फाटकापासून केली पाहिजे.

१९५७ च्या रोम करारात ११९ वे कलम होते: समान कामासाठी स्त्री-पुरुषांना समान वेतन. हे कलम स्त्रियांविषयीच्या कळवळ्यातून आले होते, असे कोणी समजू नये. फ्रान्समध्ये समान वेतनाचा कायदा आधीच होता. शेजारच्या देशांतील स्वस्त स्त्री-मजुरीपुढे आपला कापडधंदा टिकणार नाही, ही फ्रान्सची धास्ती होती. हेतू स्पर्धेचा, शब्द न्यायाचा! १९६१ अखेर हे कलम अंमलात यायचे होते. सरकारांनी आपसात ठरवून मुदत १९६४ अखेरपर्यंत लांबवली. तीही उलटून गेली आणि कोणाचे काहीच बिघडले नाही.

१६ फेब्रुवारी १९६६ रोजी एर्स्टालच्या सुमारे तीन हजार स्त्रिया यंत्रे बंद करून बाहेर पडल्या. दिवसभर तेलाने माखून उभ्या राहणाऱ्या या कामगारांना तेथे 'यंत्र-बाया' म्हणत. संप संघटनेच्या पुढाऱ्यांनी पुकारलेला नव्हता. त्यांनी त्याला मान्यता दिली ती मागाहून. स्त्रियांनी केलेले सुटे भाग येईनासे झाले तेव्हा हजारो पुरुषांनाही घरी बसावे लागले आणि मग 'हलके काम' कशाला म्हणतात याचा उलगडा सर्वांना झाला. संप बारा आठवडे चालला. मागणी ताशी पाच फ्रँक वाढीची होती, पदरात पडले पावणेतीन.

हिशेबात पाहिले तर ही निम्मी हार आहे. पण राजनैतिक अधिकाऱ्यांनी लिहिलेले एक कलम कामगार स्त्रियांनी प्रथमच आपल्या हातात घेतले, हे मला पावणेतीन फ्रँकांपेक्षा मोठे वाटते. पुढे एलियान व्होगेल-पोल्स्की या वकीलबाईंनी सबेना विमान कंपनीतील सेविका गाब्रिएल दफ्रेन यांचा दावा लढविला. ८ एप्रिल १९७६ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की कलम ११९ च्या आधारे कोणाही कामगाराला थेट आपल्या देशाच्या न्यायालयात दाद मागता येईल. मात्र मालकांवर बोजा पडेल म्हणून मागील थकबाकी फक्त आधीच दावा लावलेल्यांनाच, असेही त्याच निर्णयात म्हटले आहे.

१९८५ मध्ये याक दलोर यांनी मालक आणि संघटना यांना वाल द्युशेस येथे एका मेजाशी बसविले. १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारानंतर दोघांनी केलेला करार युरोपीय कायदा होऊ शकेल, अशी तरतूद झाली. पालकत्व रजा, अर्धवेळ काम, मुदतबंद नेमणूक यांवरचे करार १९९५ ते १९९९ या काळात असेच झाले. ते क्षुल्लक नाहीत. पण वेतन, संघटनास्वातंत्र्य, संप आणि टाळेबंदी हे विषय त्याच तरतुदीने युरोपीय कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. म्हणजे खुर्ची मिळाली. ज्या शस्त्रामुळे समोरचा ऐकतो ते मात्र बाहेर ठेवून आत यायचे.

याचा अनुभव १९९७ मध्ये आला. २७ फेब्रुवारीला रेनॉ कंपनीने ब्रुसेल्सलगतचा विल्व्होर्डे येथील मोटार कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. सुमारे ३,१०० कामगार उघड्यावर पडणार होते. एक हजारावर कामगार असलेल्या बहुदेशीय कंपन्यांनी कामगार प्रतिनिधींना विश्वासात घ्यावे असा युरोपीय निर्देश १९९४ मध्येच झाला होता. रेनॉमध्ये तर अशी समिती त्याच्याही आधीपासून होती. तरी तिला आधी कोणी विचारले नाही. कामगारांनी हजारो तयार मोटारी आवारात अडवून ठेवल्या. ७ मार्चला बेल्जियम, फ्रान्स आणि स्पेनमधील रेनॉच्या कामगारांनी एकाच दिवशी काम थांबवले. वर्तमानपत्रांनी त्याला 'युरो-संप' हे नाव दिले. एप्रिलमध्ये ब्रुसेल्स आणि नांतेर या दोन्ही ठिकाणच्या न्यायालयांनी कंपनीने कायदा मोडल्याचे सांगितले. कामगार खटला जिंकले. कारखाना त्याच वर्षी बंद झाला.

सल्ला घेणे मालकावर बंधनकारक, सल्ला मानणे नव्हे, हा या कायद्याचा गाभा आहे. पुढे २००२ मध्ये माहिती व सल्लामसलतीचा आणखी एक निर्देश आला. तोही बंदीचा निर्णय रोखण्याचा अधिकार देत नाही.

आणखी एक प्रकरण टाळून चालणार नाही, कारण ते संघटनांना अडचणीचे आहे. २००४ मध्ये स्वीडनमधील व्हॅक्सहोल्म येथे लाव्हाल ही लाटव्हियन कंपनी आपले कामगार आणून शाळा बांधत होती. स्वीडिश वेतनकरारावर सही करत नाही म्हणून तेथील संघटनांनी कामाची नाकेबंदी केली. १८ डिसेंबर २००७ रोजी युरोपीय न्यायालयाने ती बेकायदा ठरविली. भांडवलाची मोकळीक संपाच्या हक्काला वरचढ ठरली, ही टीका रास्तच आहे. पण त्या कंपनीने लाटव्हियातील बांधकाम संघटनेशी करार केलेला होता आणि आलेले बहुतेक कामगार त्या संघटनेचे सभासद होते, हे निकालपत्रातच नमूद आहे. मग त्या कामगारांचे प्रतिनिधित्व कोण करीत होते? ज्याच्या वेतनासाठी नाकेबंदी झाली, त्याचेच काम त्या नाकेबंदीने गेले. दोन्ही देशांच्या मध्यवर्ती संघटना आज ब्रुसेल्सच्या त्याच महासंघात आहेत.

२०१८ मध्ये दुसऱ्या देशात पाठविलेल्या कामगारालाही स्थानिक वेतन द्यावे असा सुधारित निर्देश झाला. त्याला आव्हान दिले ते हंगेरी आणि पोलंड या कामगार पाठविणाऱ्या देशांच्या सरकारांनी, आणि डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने ते फेटाळले.