लाल जर्सी आणि रिकाम्या पायऱ्या



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला बजावले होते, "शाळेच्या आठवणी लिही, भाषण नको." डब्यातल्या लोणच्याच्या, सरांच्या छडीच्या आणि स्नेहसंमेलनातल्या फजितीच्या आठवणी तुमच्यापैकी बरेच जण माझ्याहून चांगल्या लिहितील. मी एका फुटबॉल संघाचा इतिहास लिहायचे ठरवले आहे. संघ मुंबईचा, आणि आज तो अस्तित्वात नाही. तरीही त्याची गोष्ट याच स्मरणिकेत यावी असे मला वाटते.

फुटबॉलचे वेड मला आपल्याच मैदानावर लागले. १९८६ साली आपण दहावीची परीक्षा दिली, तेव्हा वाशिम जिल्हा झाला नव्हता. पत्त्यावर आपण 'जि. अकोला' लिहायचो. मैदान काळ्या मातीचे. पावसाळ्यात बॉल चिखलात रुतायचा आणि उन्हाळ्यात भेगांवरून भलतीकडेच उडायचा. शाळेचा बॉल एकच, तोही शिवलेला. ब्लॅडर फुटले की सायकलच्या दुकानात नेऊन पंक्चर काढून आणायचे. पी.टी.चे सर ओरडायचे, "काहून रे पोट्ट्यांनो, सगळेच बॉलच्या मागं पळता? जागा धरा, जागा!" त्याच जूनमध्ये मेक्सिकोतला विश्वचषक दूरदर्शनवर आला. अर्जेंटिना-इंग्लंड सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाला. गल्लीतल्या एकुलत्या एका टीव्हीसमोर आम्ही वीसेक जण दाटीवाटीने बसलो होतो आणि मॅराडोनाच्या दुसऱ्या गोलनंतर त्या घरातले आजोबासुद्धा उठून बसले होते.

पुढे आयटीआय केले आणि नोकरीसाठी मुंबईला गेलो. वाशिमहून एस.टी.ने अकोला, तिथून रेल्वेने मुंबई. कांदिवलीच्या बाजूला एका लहान वर्कशॉपमध्ये लागलो. शेजारच्या खोलीत एक गोव्याचे काका राहत. एका रविवारी ते म्हणाले, "चल, तुला खरा फुटबॉल दाखवतो." चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाच्या कडेने चालत आम्ही कूपरेजला पोहोचलो. तिकीट स्वस्त होते. मी पहिल्यांदाच हिरव्या गवतावरचा फुटबॉल पाहिला. लाथ बसल्यावर बॉलचा आवाज इतका स्वच्छ येतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

त्या मैदानाचा इतिहास मला काकांनीच सांगितला. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली. आधी ती गोऱ्या पलटणींची होती, हळूहळू भारतीय संघांनी तिचा ताबा घेतला. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे ती जिंकली. मुंबईच्याच मैदानांवर घडलेल्या नेव्हिल डिसोझाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथा आला. काका हे सारे असे सांगत, जणू नेव्हिल त्यांच्याच चाळीत राहत होता.

तेव्हाच्या मुंबईत फुटबॉल जगत होता तो कंपन्यांच्या आधारावर. टाटा, रेल्वे, एअर इंडिया, बँका, गिरण्या यांचे संघ असत. चांगला खेळणाऱ्या पोराला नोकरी मिळे. तो ड्युटी करी, दुपारी सराव करी आणि महिन्याला पगार घरी नेई. खेळाडूचे पोट भरणारी ही रीत साधी होती आणि ती बरीच वर्षे चालली. याच रीतीतून १९६२ मध्ये महिंद्र अँड महिंद्रचा संघ उभा राहिला. आपल्याकडे ट्रॅक्टर म्हटले की हे नाव तोंडी येते. मुंबईत मात्र कंपनीच्या जीपवरून लोक या संघाला 'जीपवाले' म्हणत. त्यांची जर्सी लाल. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या बाजूने ओरडलो, कारण सोपे होते: एवढ्या मोठ्या शहरात ओळखीचे वाटलेले ते एकच नाव होते.

संघाचे वैभव माझ्या डोळ्यांसमोर वाढले. १९९८ मध्ये त्यांनी ड्युरँड कप जिंकला. २००० मध्ये संघाचे नाव 'महिंद्र युनायटेड' झाले. २००१ मध्ये पुन्हा ड्युरँड, २००३ मध्ये फेडरेशन कप. मग आला २००५-०६ चा हंगाम. प्रशिक्षक डेरिक परेरा, मागे भक्कम महेश गवळी, पुढे घानाचा युसिफ याकुबू आणि ब्राझीलचा बॅरेटो, उजव्या बाजूने धावणारा मुंबईचाच स्टीव्हन डायस. त्या हंगामात फेडरेशन कप आला आणि राष्ट्रीय फुटबॉल लीगही. १९९६ मध्ये सुरू झालेली ही लीग तोपर्यंत पंजाब, बंगाल आणि गोव्यानेच वाटून घेतली होती. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा आली. काकांनी चाळीत पेढे वाटले. "कसले पेढे?" असे ज्याने त्याने विचारले, कारण चाळीत कोणालाच काही कळले नव्हते.

आज मागे वळून पाहताना वाटते, उतार तिथेच दिसत होता. विजेतेपदाचे पेढे वाटताना कारण समजावून सांगावे लागत असेल, तर काहीतरी हातातून निसटले आहे.

आपण 'पडता काळ' म्हणतो तेव्हा आपल्याला हरणारा संघ दिसतो. महिंद्रचे तसे झाले नाही. २००६ आणि २००८ मध्ये त्यांनी कोलकात्यात जाऊन आयएफए शील्ड जिंकली. २००७ मध्ये आशियाई स्तरावरच्या एएफसी कपमध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठली. २००८ मध्ये तिसऱ्यांदा ड्युरँड. कप येत होते, माणसे येत नव्हती. रोव्हर्स कप २००१ नंतर बंदच पडला होता. गिरण्या गेल्या, कंपन्यांनी खेळाडूंना नोकऱ्या देणे कमी केले. घरोघरी केबल आली आणि शनिवारी संध्याकाळी इंग्लंडचे सामने दिवाणखान्यात दिसू लागले.

आणि मी? इथे मला खरे बोललेच पाहिजे. मीही तेच केले. लग्न झाले, मुले झाली, डोंबिवलीला घर घेतले. रविवारी पुन्हा गाडीची गर्दी नको वाटू लागली. माझा मुलगा मँचेस्टर युनायटेडची जर्सी घालून फिरे आणि मी त्याच्या शेजारी सोफ्यावर बसून त्यांचे सामने बघे. तीही जर्सी लालच, म्हणून मनाची समजूत घाली. काका अधूनमधून फोन करत, "येतोस का? पायऱ्या रिकाम्या असतात रे." मी म्हणे, "पुढच्या रविवारी नक्की." २००९-१० च्या हंगामात मी एकदाही कूपरेजला गेलो नाही.

२०१० मध्ये त्या हंगामाबरोबर संघ बंद झाला. तरुण आणि शालेय मुलांच्या फुटबॉलवर भर द्यायचा, असे कंपनीने ठरवले. अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ एका निर्णयाने संपला. मग मात्र आम्हा चाहत्यांना पान्हा फुटला. जुने फोटो निघाले, जुन्या तिकिटांचे तुकडे निघाले. वर्षानुवर्षे मैदानाकडे न फिरकलेले लोक डोळे पुसत "आमच्या वेळी" म्हणू लागले. त्यांत मी सर्वांत पुढे. काका मात्र गप्प होते. मी फोनवर हळहळलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "बाबा, तू आता आलास. सामना संपला ना."

कंपनीला दोष देऊन मोकळे होता येते, पण त्यात मला अर्थ वाटत नाही. अठ्ठेचाळीस वर्षे खर्च त्यांनी केला. आम्हाला फक्त यायचे होते. शिवाय ही गोष्ट एकाच संघाची नाही. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याचा जेसीटी संघ पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये बंद झाला. २००७ मध्ये सुरू झालेला मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला आणि त्यानेही गाशा गुंडाळला. खालिद जमील महिंद्रकडून खेळला होता आणि पुढे अनेक वर्षे मुंबई एफसीचा प्रशिक्षक होता. त्याने त्याच २०१७ मध्ये मिझोरामच्या आयझॉलसारख्या छोट्या संघाला आय-लीग जिंकून दिली. २०२५ मध्ये तो भारताचा प्रशिक्षक झाला. माणसे घडली, टिकली, मोठी झाली. ज्या घरात घडली, ते घर मात्र राहिले नाही.

मग संघ टिकतो कशाने? दोन उदाहरणे मला फार शिकवून गेली. इंग्लंडमध्ये विम्बल्डन नावाचा जुना क्लब. त्याच्या मालकांनी २००२ मध्ये तो दूरच्या मिल्टन कीन्स शहरात हलवण्याची परवानगी मिळवली. चाहत्यांनी रडत बसण्याऐवजी त्याच वर्षी वर्गणी काढून स्वतःचा नवा क्लब स्थापन केला आणि अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात केली. नऊ वर्षांत, २०११ मध्ये, ते व्यावसायिक लीगमध्ये परतले. २०२० मध्ये आपल्या जुन्या वस्तीत, प्लाउ लेनवर त्यांनी पुन्हा मैदान उभे केले.

दुसरे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले, कोल्हापूरचे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल ही तिथल्या संघांची नावे. तालमी आणि पेठांची नावेच फुटबॉल संघांची झाली. मोठी कंपनी पाठीशी नसतानाही शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात, कारण तिथे संघ म्हणजे आपली पेठ. आजोबा, बाप आणि नातू एकाच संघासाठी ओरडतात. भांडणेही होतात, ती व्हायला नकोत. पण भांडायलाही माणसे मैदानावर यावी लागतात. याच मातीतून गेलेला अनिकेत जाधव २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळला.

मित्रहो, आता आपल्या शाळेकडे येतो. दोन वर्षांपूर्वी मी वाशिमला कायमचा परत आलो आणि एका सकाळी सहज शाळेत गेलो. आपल्या वेळी दहावीच्या चार तुकड्या होत्या, बाकावर तिघे-तिघे बसत होतो. आज दोन वर्ग कुलूपबंद आहेत. शिक्षक मेहनती आहेत, निकालही चांगला आहे. म्हणजे कप येत आहेत, माणसे येत नाहीत. ते कुलूप बघताना मला काकांचा फोन आठवला, "पायऱ्या रिकाम्या असतात रे."

आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर शाळेच्या नावाने आपण किती हळवे होतो! पण आपल्यापैकी किती जणांची मुले या शाळेत शिकली? माझी नाही शिकली. मी मुंबईत होतो, ही सबब आहे. पण इथे असतो तरी वेगळे केले असते, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कोणी कोणती शाळा निवडावी, हे सांगायचा मला अधिकार नाही. एवढेच म्हणतो, की आठवण काढणे वेगळे आणि हजर राहणे वेगळे. महिंद्र युनायटेडच्या चाहत्यांकडे आठवणींची कमतरता कधीच नव्हती.

मेळाव्यातून जमलेल्या निधीतून प्रवेशद्वारावर कमान उभारायची चर्चा आहे. जरूर उभारू. पण कमानीखालून कोणीतरी रोज आत गेलेही पाहिजे. आपल्यात डॉक्टर आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, सोयाबीनची शेती उत्तम करणारे आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत. महिन्यातून एक तास दिला तरी पुरे. गणित शिकवा, वाचनालयाची पुस्तके लावा, नाहीतर नुसते मुलांचे सामने बघायला या.

मी माझ्यापुरते ठरवले आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे आणि चार फुटबॉल आणले आहेत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी मैदानावर असतो. सध्या अकरा मुले आणि पाच मुली येतात आणि सगळेच बॉलच्या मागे पळतात. मी ओरडतो, "जागा धरा, जागा!" परवा आपले पी.टी.चे सर काठी टेकत आले, आंब्याच्या झाडाखाली खुर्चीवर बसले आणि पूर्ण खेळ पाहून गेले. जाताना म्हणाले, "लेका, पुढच्या शनिवारी दोन खुर्च्या ठेव."

मी सहा ठेवणार आहे. या.